रमण विज्ञान केंद्र, नागपूर: लेकरांना घेऊन जाताय तर हे वाचून जा

सुट्ट्या लागल्या की नागपुरात घरोघरी एकच प्रश्न, लेकरांना न्यायचं कुठं? मॉलमध्ये नेलं की पैसे उडतात आणि घरी आल्यावर आजीला सांगायला काही नसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत बघितलेलं असतं, रांगेत, मागून बाई "चला चला, पुढं सरका" म्हणत असताना, आणि तेवढ्यावर ते बघून झालं असं आपण धरून चालतो. मला विचाराल तर ते तसं बघून होतच नाही. एकेका मांडणीपाशी लेकराला मनसोक्त खेळू दिलं, दहादा तेच तेच करू दिलं, तरच तिथं जाण्यात अर्थ आहे.

यावेळी आम्ही पाच जण होतो. मी, माझी आई, मोठी (पाचवीत), लहाना (पहिलीत) आणि अकोल्याहून आलेला बहिणीचा मुलगा, तो सातवीत. वयं अशी वेगवेगळी असली की एकाच जागेचे तीन वेगळे फायदे दिसतात, त्यामुळं मी तरी भावंडांना एकत्रच न्या म्हणेन.

आधी जायचं यायचं सांगून टाकते. मेट्रोनं जाणार असाल तर ॲक्वा लाइनवरचं कॉटन मार्केट स्टेशन, तिथून ऑटो. ऑरेंज लाइनवरून येणाऱ्यांनी सीताबर्डीला गाडी बदलायची. गाडीनं गेलात तर त्या भागातल्या बाजाराच्या गर्दीचा वेळ धरून निघा. दिवाळीच्या दिवशी आणि होळीला केंद्र बंद असतं, बाकी वर्षभर चालू, पण वेळा आणि तिकिटाचे दर निघण्याआधी एकदा बघून घ्या कारण ते बदलत असतात. आत शिरल्या शिरल्या पहिलं काम म्हणजे तारामंडळाच्या शोचं तिकीट, ते प्रवेशाच्या तिकिटापेक्षा वेगळं असतं, आणि कुठला शो कुठल्या भाषेत आहे हे खिडकीवरच विचारून घ्या. लहान लेकरं असतील तर मराठी किंवा हिंदी शोच घ्या, इंग्रजीचा हट्ट नको, अंधारात बसून न कळणारं ऐकायचं म्हणजे त्यांना झोपच येते. शोची वेळ कळली की बाकीचं त्याच्या आगंमागं बसवता येतं.

नोव्हेंबर ते जानेवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम. सकाळी बसच्या बस येतात आणि मग कुठल्याही मांडणीपाशी हात लावायला जागा मिळत नाही. आम्ही दुपारी उशिरा गेलो, तेव्हा गर्दी बरीच पांगली होती. आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर बाहेरचं विज्ञान उद्यान सकाळीच उरकून घ्या बाप्पा, पंचेचाळीसच्या उन्हात तिथल्या लोखंडी दांड्यांना हात लावणं लेकरांना शक्यच होत नाही.

आता खरी मजा. समोरासमोर पण बऱ्याच अंतरावर उभ्या केलेल्या दोन मोठ्या वाट्यांसारख्या तबकड्या असतात, त्या शोधा. एकानं एका तबकडीकडे तोंड करून अगदी हळू बोलायचं आणि दुसऱ्यानं पलीकडच्या तबकडीपाशी कान द्यायचा. लहान्यानं जाऊन काहीतरी पुटपुटलं आणि इकडं माझी आई एकदम दचकली, "अगं, हा त माह्या कानातच बोलून राहिला!" मग आजी-नातवाचं जे सुरू झालं ते थांबेचना, त्यानं तिला सगळी गुपितं सांगितली, शाळेत कोणाचा डबा खाल्ला तेही. मी मधे काही बोलले नाही. मोठीनं मात्र स्वतःहून एक गोष्ट केली, ती दोघांच्या अगदी मधे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला त काहीच ऐकू नाही येत." हाच तो क्षण जो सहलीच्या रांगेत कधीच येत नाही. तबकडीचा आकार असा असतो की तिच्या एका ठरावीक बिंदूतून निघालेला आवाज तिच्यावर आपटून सरळ समांतर जातो, आणि समोरची तबकडी तो पुन्हा एका बिंदूत गोळा करते. मधे उभ्या माणसाच्या कानात त्यातला अगदी थोडाच भाग शिरतो. घरी आल्यावर गच्चीवरची टीव्हीची छत्री दाखवली, तिच्यापुढं तो दांड्यावरचा डबा नेमका तिथंच का बसवलाय ते त्यांना लगेच कळलं.

भाच्याला खिळवलं ते कप्प्यांनी. खुर्चीत बसायचं आणि दोरी ओढून स्वतःलाच वर उचलायचं, एका ठिकाणी कप्पी एक आणि दुसरीकडे जास्त. पहिल्या खुर्चीत त्याचा घाम निघाला, दुसरीत तो सहज वर गेला. मग खाली उतरला, पुन्हा बसला, पुन्हा ओढलं, आणि म्हणाला, "मावशी, हलकं त लागते, पण दोरी किती ओढा लागून राहिली!" यंत्रांचा अख्खा धडा त्या वाक्यात आला. जोर वाचवला तर अंतर द्यावं लागतं, फुकट काही मिळत नाही, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, त्याच्या दंडांनी सांगितलं. पुस्तकातली कप्पीची आकृती त्यानं आधी बघितली होती, परीक्षेत काढलीही होती. त्यामुळं आईवडिलांना माझी अगदी कळकळीची विनंती आहे, पाटीवरचं आधी वाचून दाखवू नका. लेकराला करू द्या, ते "हे काऊन होते?" म्हणेपर्यंत थांबा, मग पाटी वाचा, आणि तुम्हाला उत्तर येत नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा, लेकरानं विचारलं की ते खुशीनं सांगतात.

आरशांपाशी सगळे हसून पुढं जातात, तसं करू नका. आत वळलेल्या मोठ्या आरशासमोर लांबून सुरुवात करा आणि एकेक पाऊल जवळ या. लांबून आपण उलटे दिसतो, जवळ येता येता एका जागी सगळं फिस्कटतं, आणि त्याच्या पुढं आलं की एकदम सरळ आणि मोठे दिसतो. ती फिस्कटण्याची जागा म्हणजे आरशाचं वक्रताकेंद्र, म्हणजे आरसा ज्या मोठ्या पोकळ गोळ्याचा तुकडा आहे असं धरता येईल त्या गोळ्याचा मध्य. फरशीवर पाय ठेवून ती जागा शोधायला लावा, मोठ्या लेकरांना हे फार आवडतं.

तारामंडळात वेळेआधी पोचा, शो सुरू झाल्यावर अंधारात कोणाला आत घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. लहान लेकरू अंधाराला घाबरणारं असेल तर आधीच सांगून ठेवा की दिवे हळूहळू जाणार, आणि दाराजवळची खुर्ची धरा. शोमधलं आकाश बघून झालं की त्याच रात्री घरच्या गच्चीवर एक काम नक्की करा. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा आपल्याकडे उत्तरेच्या क्षितिजापासून साधारण २१ अंशच वर दिसतो. हात ताठ समोर धरून मूठ वळली तर एक मूठ सुमारे १० अंशांची होते, म्हणजे क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवायच्या आणि तिथं बघायचं. लेकराची मूठ लहान पण हातही आखूड, त्यामुळं हिशोब जुळतो. शहराच्या उजेडात तारा जरा मंद दिसतो, पण सापडतो.

केंद्राचं नाव रमण का, हे आमच्या भाच्यानं दारातच विचारलं होतं, आणि याचं उत्तर नागपूरच्या प्रत्येक लेकराला माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. सी. व्ही. रमण सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते आणि १९१० साली त्यांची बदली नागपूरला झाली होती. म्हणजे दिवसा हिशेबाच्या फायली आणि उरलेल्या वेळात भौतिकशास्त्र, असा तो माणूस आपल्या गावात राहून गेलाय. पुढं १९१७ मध्ये नोकरी सोडून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले, २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांचा शोध लागला, की प्रकाश एखाद्या द्रवातून जाताना विखुरतो तेव्हा त्यातला अगदी थोडा भाग आपला रंग बदलून बाहेर येतो, आणि १९३० मध्ये नोबेल. म्हणून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. केंद्र सुरू झालं १९९२ ला, तारामंडळ १९९७ ला. आत शिरण्याआधी एवढं सांगितलं तर लेकरं त्या नावाकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

बाहेरच्या उद्यानात डायनासोरचे पुतळे आहेत, लहान्याला तिथून हलवणं कठीण गेलं. पण त्याला सगळ्यात जास्त अप्रूप वाटलं ते याचं, की खऱ्या डायनासोरची हाडं आपल्या विदर्भातच सापडलीत, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला. आणि नागपूरच्या टाकळीच्या खडकातले जीवाश्म दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी गोळा केले ते स्टीफन हिस्लॉप यांनी, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी अजब बंगला करा. सिव्हिल लाइन्समधलं हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं. तिथं हात लावायला काही नाही, सगळं काचेमागं, त्यामुळं आधी विज्ञान केंद्र आणि मग अजब बंगला हाच क्रम ठेवा, उलटा केलात तर लेकरं कंटाळतात. सोमवारी बंद असतो हे लक्षात ठेवा. दोन्ही एकाच दिवसात कोंबू नका, तिसऱ्या तासानंतर लेकरांच्या डोक्यात काही शिरत नाही, नुसती भूक शिरते. आम्ही तर्री पोहे खाऊन निघायचो आणि पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्यायचो.

गाड्यांचं वेड असलेलं लेकरू घरात असेल तर मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालयही धरा, कडबी चौक मेट्रो स्टेशन जवळ पडतं. जुनी इंजिनं, डबे, आणि रुळांमधलं अंतर अडीच फूट, ते पोरांना पट्टीनं मोजू द्या. झिरो माइलला थोडाच वेळ लागतो. तिथल्या सर्वेक्षणाच्या दगडावर १९०७ साल आणि समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी कोरलेली आहे, फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि एवढं बारीक कसं मोजलं असेल यावर भाच्यानं घरी येईपर्यंत डोकं खाल्लं.

आणि शहरात अपूर्व विज्ञान मेळा भरतो तेव्हा तो चुकवू नका. तिथं मनपा शाळांची मुलं साध्या साध्या वस्तूंनी प्रयोग करून दाखवतात आणि स्वतःच समजावून सांगतात. मोठ्यांनी सांगितलेलं आणि आपल्याच वयाच्या पोरीनं सांगितलेलं यात फार फरक पडतो, माझी मोठी तिथून आली की घरातले स्ट्रॉ आणि फुगे शिल्लक राहत नाहीत.

शेवटी एक बिनपैशाचं. मे महिन्यात २६ तारखेच्या आसपास नागपुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, साधारण १२ वाजून १० मिनिटांनी. गच्चीवर सपाट जागी एक सरळ बाटली उभी करून ठेवा, सावली बाटलीच्या बुडाखाली गडप होते. पाच मिनिटं आधी जा, सगळ्यांच्या डोक्याला दुपट्टा बांधा, सावली गेली की लगेच खाली या. जुलैच्या मध्यात हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून मेचाच दिवस धरा.