मधल्या सुट्टीतली दोन मिनिटं

स्मरणिका समितीचं पत्र आलं तेव्हा मी घराच्या माळ्यावर जुनी निगेटिव्हं चाळत बसलो होतो. शाळेच्या दगडी इमारतीबद्दल, गॅदरिंगबद्दल बाकीचे लिहितीलच. मला शाळा म्हटलं की फक्त विज्ञानाचे सर आठवतात, आणि जिन्याखालची ती खोली. सरांना आपण मागे काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते आत्ताच हसायला लागले असतील.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. मी नववीत होतो. खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या दक्षिणेला, अंकोला-हुबळीकडून जाणार होता. साताऱ्यात ग्रहण खंडग्रास, भीती मात्र पुरती खग्रास. सकाळची शाळा सुटली आणि दुपारी मोती चौकापासून पोवई नाक्यापर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्या आजीने खिडक्यांना गोधड्या लावल्या, पिंपावर तुळशीची पानं ठेवली आणि मला समोर बसवून ठेवलं. तिचा जप रंगात आल्यावर मी परसदारातून निसटलो, कारण सरांनी आम्हा तिघांना मैदानावर बोलावलं होतं.

मला वाटलं होतं, दुर्बीण असेल, काळी काच असेल. सर नुसते चिंचेखाली उभे. म्हणाले, "वर बघाल तर डोळे जातील. खाली बघा."

चिंचेच्या पानांतून एरवी जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडतात. त्या दिवशी त्यातला एकही गोल नव्हता. सगळ्या चंद्रकोरी! मातीवर, माझ्या शर्टावर, सरांच्या टकलावरसुद्धा दोन. "हे सूर्याचे फोटो आहेत. पानांमधली प्रत्येक फट म्हणजे एक कॅमेरा," सर म्हणाले. मी विचारलं, "मग रोजचे गोल?" "तेही सूर्याचेच. रोज कोण बघतं?"

पुढच्याच आठवड्यात चपलांच्या खोक्याला आतून काळा रंग लागला. पत्र्याच्या तुकड्याला सुईने भोक पाडलं, कडा पॉलिश पेपरने घासल्या, त्यावर काळ्या चिकटपट्टीचं झाकण. भिंग नाही, काही नाही. ब्रोमाइड पेपरचं, म्हणजे फोटो उमटवायच्या कागदाचं, पाकीट सरांनी स्वतःच्या खिशातून आणलं. जिन्याखालच्या खोलीच्या दाराला घोंगडी लावली, झिरोच्या बल्बला लाल जिलेटीन गुंडाळलं आणि एनॅमलच्या तीन थाळ्या मांडल्या. फोटो उमटवायची रसायनं, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन, सरांनी प्रयोगशाळेच्या तराजूत तोलून घेतलं होतं. शेवटच्या थाळीत हायपो, उमटलेला फोटो पक्का करायला.

मग शनिवारी मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला खुर्ची मांडून तिच्यावर खोकं ठेवलं. ऊन पाठीमागून होतं. सरांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं, मी चिकटपट्टी काढली. दोन मिनिटं. समोर अख्खी शाळा हुंदडत होती: लंगडी, पकडापकडी, डब्यांची ओढाओढ. एकाने येऊन खोक्यात डोकवायचा प्रयत्न केला, त्याला सरांनी न हलता नुसत्या आवाजाने पळवलं.

लाल उजेडात कागद थाळीत हलवताना पहिल्यांदा आभाळ उमटलं, काळंकुट्ट. निगेटिव्हच ते, उजेड काळा आणि काळोख पांढरा. मग पांढरा पडलेला अजिंक्यतारा. मग इमारत, घंटा. पण पोरं? तीन-चारशे पोरांपैकी एकही नाही! मैदान अगदी उन्हाळ्याच्या सुट्टीतल्यासारखं मोकळं. मला रडूच यायला लागलं. सरांनी चिमट्याने कागद उचलून उजेडाजवळ धरला आणि खो खो हसायला लागले. घंटेखाली एक माणूस मात्र स्वच्छ आला होता. शिपाईमामा. स्टुलावर बसून, भिंतीला डोकं टेकून, गाढ झोपलेले. पोरं दोन मिनिटांत एका जागी ठरली नव्हती, म्हणून पुसली गेली. मामा तेवढे उमटले.

"हे हेडसरांना दाखवायचं नाही," सर म्हणाले. त्या दिवशी माझं आयुष्य ठरलं असं म्हटलं तर ते जरा जास्त होईल, पण हात हायपोने माखले ते माखलेच.

पुढचं थोडक्यात सांगतो. पाटबंधारे खात्यात चिकटलो आणि जुना आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला. एका रोलमध्ये बाराच फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी महिन्याचा हिशेब डोळ्यांसमोर यायचा. मग पस्तीस एमएमचा कॅमेरा आला. बहिणीच्या लग्नात छत्तीस फोटो काढले आणि रोल कोराच निघाला! फिल्म स्पूलला अडकलीच नव्हती. घरच्यांनी वर्षभर ऐकवलं. सरांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "प्रत्येक फोटोनंतर रिवाइंडची कळ फिरत होती का?" ती बघायची असते हे मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून आधी तिच्याकडे नजर जायची. आता डिजिटलमध्ये ती कळच नाही, तरी डावा अंगठा तिथे जातो.

चाळीसेक पावसाळे कासच्या फुलांच्या पठारावर गेलो. जागतिक वारशाचा शिक्का २०१२ साली बसला. त्याआधी यवतेश्वरच्या घाटात एसटी आणि धुकं एवढंच भेटायचं. तिथल्या वायतुरा या फुलाचा फोटो घ्यायला ओल्या कातळावर पालथं पडावं लागतं. त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे आणि तुऱ्याला इंग्रजी वायसारखे दोन फाटे असतात. त्या फोटोला बक्षीस मिळालं, दोन दिवाळी अंकांची मुखपृष्ठंही झाली. सरांना अंक नेऊन दिला तर म्हणाले, "मागचा दगड छान आलाय." अजून कळलेलं नाही, ते कौतुक होतं की काय.

गेल्या महिन्यात शाळेत येऊन गेलो. जिन्याखाली आता मोडके बाक रचलेत. चिंच नाही, तिथे दुचाक्यांची शेड आहे. पत्र्याला फट पडू देत नाहीत, गळतं म्हणून.

समितीने सरांचा फोटो मागितला आहे. माळ्यावरच्या सगळ्या पेट्या पाहिल्या. हजारो निगेटिव्हांत सरांचा एकही फोटो नाही. कॅमेरा वर केला की ते उठून चहा टाकायला जायचे. तो मधल्या सुट्टीचा कागद मात्र सापडला. खालच्या कडेला, मैदानावर, एक लांब सावली आहे, कोपर वर केलेली. घड्याळ धरलेला हात आहे तो. दोन मिनिटं जराही हलला नाही, म्हणून उमटला.

सोबत पाठवतो आहे. सावली पांढरी दिसेल, कारण तो उलटा कागद आहे. छापताना सुलटा करून घ्यावा. प्रत एकच आहे, काम झाल्यावर परत मिळावी.