भांड्यात मैदा, झाकणाखाली केक

मुलांच्या वाढदिवसाला केक भाजायची जादू करायची म्हटलं की सगळे आधी पॅन शोधायला लागतात. पॅन तयार मिळतो, ती अडचण नाही. प्रयोग फसतो तो दोनच ठिकाणी: आत किती ओतलं आणि पोरं कुठे बसली.

या पॅनला जादूवाले डव्ह पॅन म्हणतात, कारण त्यातून कबुतरं काढायची जुनी पद्धत आहे. भाग तीन: खालचं भांडं, उंच झाकण आणि झाकणात घट्ट बसणारी दुसरी वाटी. केक आधीपासून त्या वाटीत असतो. झाकण दाबलं की वाटी भांड्यात बसते, उचललं की तिथेच राहते आणि मैदा-दूध तिच्या बुडाखाली जातं. हे गुपित प्रयोग करणाऱ्यांसाठी आहे. घरी वाचत असाल तर पोरांना सांगू नका.

आता माप. वाटी आणि भांड्याच्या तळात किती फट राहते हे डोळ्यांनी कळत नाही. कणकेची सुपारीएवढी गोळी तळाशी ठेवा, वाटी पूर्ण दाबा, काढा. गोळी जेवढी जाड उरली तेवढी फट. भांडं 20 सेंटिमीटर व्यासाचं आणि फट 1 सेंटिमीटर असेल तर खाली जेमतेम 300 मिली मावतं. त्याच्या निम्म्यावर थांबा: 2 मोठे चमचे मैदा, 2 चमचे साखर, 1 चमचा दही, 75 मिली दूध. जास्त झालं की वाटी दट्ट्यासारखी दाबते, दूध कडेच्या फटीतून वर चढतं आणि केक खालून भिजतो. दूध स्टीलच्या पेल्यातून ओता. काचेच्या पेल्यात एवढंसं दूध लगेच नजरेत भरतं.

साखर पिठीच घ्या. दाणेदार साखरेचा एक दाणा काठावर अडकला की वाटी वाकडी बसते आणि झाकणाबरोबर परत वर येते. मैद्याची धूळही तेच करते. म्हणून सगळं घालून झालं की फडक्याने काठ गोल पुसून घ्या. आचारी पुसतो तसंच दिसतं, कुणाला काही वाटत नाही. तरीही वाटी वर आली तर ओढाताण करू नका. झाकण तसंच खाली ठेवा, "फुंकर कमी पडली!" म्हणून पोरांकडून पुन्हा फुंकून घ्या, दोन्ही तळव्यांनी सरळ दाबा, थोडं फिरवा, मग उचला. वाटी बसताना खट्ट वाजतं, तेव्हा पोरांना मोठ्याने आकडे मोजायला लावा.

सांगलीकडे जैन घरं बरीच आहेत. अंडं वापरायचा विचारही नको, आणि आतला केकही एगलेस हवा. आयोजकांना आधी विचारा.

बसण्याचं पाहा. पोरं सतरंजीवर असतात, त्यांचे डोळे टेबलाच्या खाली. झाकण उंच धरलं की पुढच्या रांगेला वाटीचं बूड दिसतं. पहिली रांग किमान 6 फूट लांब, झाकण भांड्याला घासेल इतक्या खालून आणायचं आणि तोंड किंचित आपल्याकडे झुकवायचं. बाजूला आणि मागे कुणीही नको, काका-मामासुद्धा. बूड काळ्या रंगाचं असलं तर आणखी बरं.

केक अर्धा किलोचा, 6 इंची, कोरडा स्पंज. वर झाकणापर्यंत 2 सेंटिमीटर मोकळं राहू द्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात क्रीमचा केक हॉलवर पोचेपर्यंतच बसतो. खाली बटर पेपर आणि जॅमचा एक ठिपका लावा, म्हणजे झाकण हलवताना केक सरकत नाही. भरलेलं झाकण घरी हातात धरून हलवून पाहा, वजनाने वाटी सुटायला नको. साताऱ्यात मात्र आम्ही केकऐवजी कंदी पेढेच सुचवू. दूध-साखर घातली आणि पेढे निघाले, हे पोरांना जास्त पटतं, आणि पेढा वितळत नाही.

पॅनमध्ये जाळ लावून दाखवायची पद्धत आहे. मुलांच्या कार्यक्रमात ती नकोच. स्नो स्प्रे पेट घेतो, गॅसच्या फुग्यांत कधी कधी हायड्रोजन असतो, आणि जाळावर उधळलेला मैदा भडकतो. शिवाय झाकणाने जाळ विझला की आतली हवा गार होऊन आकसते आणि झाकण चिकटून बसतं. जादूची कांडी वाढदिवसाच्या मुलाच्या हातात द्या, ते जाळापेक्षा भारी दिसतं.

वेळ औक्षणानंतर, मुख्य केक कापायच्या आधी, 6 ते 8 मिनिटं. चार वर्षांच्या आतल्यांना कळत नाही, 5 ते 9 वर्षांची पोरं मनापासून ओरडतात. केक निघाल्यावर बटर पेपरच्या टोकांनी उचलून ताटात घ्या, पॅनवर लगेच झाकण घाला आणि पिशवीत टाका. पोरं धावत येतात ती केकसाठी नाही, आधी भांड्यात वाकून पाहायला.