कर्जत ते लोणावळा: रेल्वेने बोरघाट चढताना

मुंबईची लोकल कर्जतपर्यंत, फार तर खोपोलीपर्यंत, पुण्याची लोणावळ्यापर्यंत. मधल्या सुमारे 28 किलोमीटरच्या घाटात लोकल धावत नाही, एक्सप्रेसच धरावी लागते. सकाळची डेक्कन एक्सप्रेस सगळ्यात सोयीची, कारण ती उजेडात घाट चढते आणि कर्जतला थांबते. लोकलचं तिकीट तिला चालत नाही; मेल-एक्सप्रेसचं तिकीट आधीच काढा.

कर्जतला सगळे वडापावकडे धावतात. वडापाव घ्याच, पण शक्यतो शेवटच्या डब्याजवळ उभे राहा. मुंबईच्या टोकाकडून बँकर, म्हणजे गाडीला मागून रेटणारी जादा इंजिनं सावकाश येऊन टेकतात, कपलिंग (डबे-इंजिन जोडणारा आकडा) बसतं आणि धक्का आतल्या बाकांपर्यंत जाणवतो. घाटाचा चढ 1:37, म्हणजे 37 मीटरला एक मीटर. 17 डब्यांच्या गाडीचं पुढचं टोक मागच्यापेक्षा दहा-अकरा मीटर उंच असतं! एवढं वजन नुसतं पुढून ओढलं तर सगळा ताण पहिल्या कपलिंगवर येईल. मागून रेटल्याने तो वाटला जातो, आणि मध्येच कपलिंग तुटलं तरी मागचे डबे घरंगळत नाहीत.

पळसदरी मागे पडली की वेग उतरतो आणि बोगदे सुरू होतात. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल इथे गाडी थांबली तरी उतरू नका. ते थांबे तांत्रिक असतात. मंकी हिलनंतर डावीकडे उल्हास नदीची दरी आणि राजमाचीचा किल्ला. उजवीकडे खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्ग. जागा निवडायची असेल तर डावी खिडकी घ्या. दारात उभं राहू नका, बोगद्याची भिंत फार जवळून जाते. माकडं हातातलं खाणं ओढतात.

मुख्य रुळापासून फुटून डोंगरावर चढणारा आणि तिथेच संपणारा एखादा फाटा दिसला तर नीट पाहा. ती कॅच सायडिंग. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा भाग) एरवी तिच्याकडेच लावलेला असतो. चालकाने गाडी पूर्ण थांबवून दाखवली की मगच मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी चढावर जाऊन थांबते. हा घाट 1863 साली सुरू झाला, आणि त्यातली सगळ्यात शहाणी योजना मला हीच वाटते.

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरात असतात, पण दरडीही तेव्हाच येतात. 2019च्या पावसाळ्यात वाहतूक बरेच दिवस विस्कळीत होती. निघण्याआधी गाडीची स्थिती तपासा आणि पुढची जोडगाडी लगेचची ठरवू नका.