मेल्यानंतरचे विषय अजून आपल्याला झेपत नाहीत

पुढे समाजात काय काय चालायला लागेल असा विषय निघाला की लोक लगेच लग्न, सेक्स, कपडे यावर घसरतात. मला वाटतं खरी उलथापालथ होणारे ती देहाचं काय करायचं यात, पण चारचौघांत काढून बघा, लगेच कुणीतरी शुभ बोल रे नाऱ्या म्हणणार.

ब्रिटनमध्ये एकेकाळी मयत जाळणं म्हणजे भयंकरच. १८८४ साली वेल्समधल्या विल्यम प्राइस नावाच्या एका अवलिया डॉक्टरने आपल्या गेलेल्या तान्ह्या मुलाचं दहन करायला घेतलं तर लोक चिडून धावून आले, त्याला अटक झाली, केस उभी राहिली, आणि न्यायाधीश म्हणाले की इतरांना उपद्रव होत नसेल तर हा गुन्हाच नाही! पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या वोकिंगला पहिलं अधिकृत दहन झालं. कॅथलिक चर्चला बंदी उठवायला मात्र १९६३ उजाडलं. आज ब्रिटनमध्ये बहुतेकांचं दहनच होतं, कुणाला काही वाटत नाही.

आता पुढचा नंबर कंपोस्टचा. हो, माणसाच्या. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये त्याचा कायदा केला. बंद पेटीत लाकडाचे तुकडे, गवत वगैरेत देह ठेवायचा, हवा खेळती ठेवायची, बाकीचं जंतू बघतात, काही आठवड्यांत माती तयार आणि घरचे ती झाडांना घालू शकतात. ई झालं ना? मलाही झालं. दुसरा प्रकार म्हणजे अल्कली घातलेल्या गरम पाण्यात देह विरघळवणं, ऐकायला अजूनच कसंतरी, पण २०२१ च्या शेवटी दक्षिण आफ्रिकेतले वर्णभेदाविरुद्ध लढलेले डेसमंड टुटू गेले तेव्हा त्यांचं असंच केलं. आता एवढा मोठा आर्चबिशप म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांचीही जरा पंचाईत होते. वाद घालून फार कुणी बदलत नाही हो, मानाचं माणूस करून गेलं की बदलतात, आणि दफनाला जागा पुरेनाशी झाली की आणखी पटापट.

आणि ते चॅटबॉट, गेलेल्या माणसाच्या जुन्या मेसेजवरून बनवलेले? तेही रुळणार, बघाल, नातवंडांना त्यात वावगं काय हेच कळणार नाही. मला मात्र ते कंपोस्टपेक्षा जास्त खुपतं, म्हणजे मी नाही आणि माझ्या नावाने कुठलंतरी सॉफ्टवेअर पोरांना रोज "जेवलास का" विचारतंय! माझी माती खुशाल कुंडीत घाला, तो बॉट तेवढा नको, हे मी लिहूनच ठेवणारे.