केशरचे कान आणि गॅलरीतला कुकर

कॉकर स्पॅनियल पाळायचा म्हणजे आधी कान पाळायचे, बाकीचा कुत्रा मागाहून. केशर घरी आली तेव्हा हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सगळे तिच्या डोळ्यांबद्दल बोलायचे. कान दिसायला सुंदर, लांब, लाटालाटांचे केस असलेले, त्यामुळे त्यांच्या खाली काय चाललंय हे कोण बघणार?

ठाण्यातला जुलै. भिंतींना ओल, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते, आणि केशरच्या उजव्या कानातून आंबूस वास यायला लागला. डोकं एका बाजूला कलतं ठेवून ती सोफ्याच्या कडेला कान घासायची आणि मध्येच केकाटायची. जवळच्या एका दवाखान्यात कानात न डोकावताच ड्रॉप्स लिहून मिळाले. वास गेला, ड्रॉप्स बंद केले, वास परत आला. मग दुसरे ड्रॉप्स, पुन्हा तेच. दर वेळी बाटलीवरचं नाव वेगळं, आत मात्र तेच त्रिकूट: एक अँटिबायोटिक, एक बुरशीवरचं औषध, एक स्टिरॉइड. पावसाळा संपेपर्यंत आमच्याकडे अर्धवट वापरलेल्या बाटल्यांची रांग लागली होती आणि केशरने डावा कानही खाजवायला सुरुवात केली होती.

ओळखीच्या एकांनी परळच्या जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय असं भारदस्त नाव असलं तरी टॅक्सीवाल्याला ‘बैलघोडा’ म्हटलं की पुरतं. तिथे भेटलेल्या दुसऱ्या एका कुत्रेवाल्यांकडून त्वचारोग बघणाऱ्या एका डॉक्टर मॅडमचं नाव कळलं आणि खरी गाडी तिथून रुळावर आली.

मॅडमचा पहिला प्रश्न कानाबद्दल नव्हताच. “पंजे चाटते का?” त्यांनी विचारलं. चाटायची की! रात्री टीव्ही लागला की चपचप चालूच. पुढच्या पंजांचे केस लाळेने तांबूस झाले होते आणि आम्ही ते तिच्या रंगातच धरत होतो. मॅडमनी मान हलवली आणि मग कान उचलला. कापसाचा बोळा आतून फिरवून काचेच्या पट्टीवर घासला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकात मलाही बघू दिलं. बुटाच्या ठशांसारखे जांभळे ठिपके, गच्च भरलेले. ही मॅलॅसेझिया नावाची बुरशी. ती निरोगी कानातही थोडी असतेच, पण दमट आणि तेलकट जागा मिळाली की माजते. नंतर ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, कानाचा पडदा शाबूत आहे ना ते पाहिलं. ही पायरी चुकवायची नसते, कारण पडदा फाटलेला असेल तर काही ड्रॉप्स आतल्या कानात उतरून कुत्रा बहिरा होऊ शकतो.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग आत वळते. आपल्यासारखी आडवी नसते. त्यामुळे मळ बाहेर यायला चढण असते. त्यावर कॉकरचा जड, केसाळ कान झाकणासारखा पडलेला. एवढं पुरेसं नव्हतं म्हणून की काय, या जातीच्या नळीत केसांची मुळं आणि मेणाच्या ग्रंथी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतात. सूज येत राहिली की त्या ग्रंथी फुगतात, नळी आतून अरुंद होते आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर तिच्यात कॅल्शियम साचून ती कडक होते. मग औषध आत पोचतच नाही आणि अख्खी नळी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. केशरची उजवी नळी अरुंद व्हायला लागली होती, पण बोटाने दाबल्यावर अजून मऊ होती. मॅडम म्हणाल्या, “कान आपण बरा करू हो, पण तो बिघडतोय कशाने ते शोधायला वेळ लागेल. तुमची तयारी आहे का?”

कान बरा करण्याचा भाग सोपा निघाला. सूज उतरायला थोडे दिवस गोळ्या, रोज सफाई, मग ड्रॉप्स. सफाई मात्र शिकावी लागली. क्लीनरची बाटली कोमट पाण्यात ठेवून आधी गारवा घालवायचा. कान वर धरून नळी भरेपर्यंत ओतायचं आणि कानाच्या बुडाशी बोटांनी मळायचं. पचपच आवाज आला म्हणजे द्रव खालपर्यंत पोचला. मग हात काढायचा आणि मागे सरकायचं, कारण ती डोकं झाडणार आणि तो तपकिरी चिखल भिंतीवर उडणार. हा सोहळा बाथरूममध्येच करावा. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून, बोट जाईल तेवढंच पुसायचं. इअरबड वापरायचा नाही, त्याने मळ वळणापाशी ठासला जातो. वास गेला म्हणून औषध थांबवायचं नाही, काचेची पट्टी स्वच्छ आली की थांबवायचं. आमचं आधीचं सगळं चक्र या एका तपासणीअभावी फिरत राहिलं होतं.

कारण शोधण्याचा भाग म्हणजे आठ आठवड्यांचं पथ्य. अन्नाची अ‍ॅलर्जी रक्त तपासून भरवशाने कळत नाही. आयुष्यात कधी न खाल्लेलं एकच प्रथिन देऊन बघावं लागतं. केशरने काय खाल्लं नव्हतं? पाकिटातलं खाणं चिकनचं, वॉचमनकाकांच्या डब्यातलं अंडं, घरचा दहीभात, पोळी, पनीर. त्यासाठीचं खास तयार खाणंही मिळतं, पण त्याचा किलोचा भाव ऐकून आम्ही गप्प झालो. मॅडमनी मटण आणि रताळं सुचवलं. फक्त आठ आठवड्यांपुरतं, कारण एवढ्यावर कुत्र्याचं सगळं पोषण होत नाही.

आमचं घर शुद्ध शाकाहारी. सासूबाई म्हणाल्या, “अगं, कुत्रीला बरं वाटणार असेल तर कर बाई, पण माझ्या ओट्यावर नको हं.” म्हणून जुना कुकर आणि इंडक्शनची शेगडी गॅलरीत गेली. खाटिकाकडे मी जन्मात उभी राहिले नव्हते. बिनहाडाचं, चरबी काढून, असं सांगितल्यावर त्याने मोठ्या मनाने हाडं फुकट देऊ केली. ती नाकारावी लागली, कारण शिजलेलं हाड चिरफळतं आणि आतड्यात रुततं. मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, ते कुत्र्याला विषारीच. काही दिवसांनी आतून आवाज यायला लागला, “चार शिट्ट्या झाल्या गं, बंद कर!” त्या वासाने जेवण जात नाही म्हणणाऱ्या सासूबाई आता शिट्ट्या मोजत होत्या.

पथ्य कुत्र्याला जड जात नाही, माणसांना जातं. त्यातून कॉकर म्हणजे भीक मागण्यात पदवीधर. गोचिडांची चघळायची गोळीसुद्धा बंद झाली, कारण तिला मांसाची चव दिलेली असते. त्याऐवजी मानेवर सोडायचं औषध आलं. लिफ्टमधल्या आजोबांचं मारी बिस्किट बंद झालं आणि आजोबा रुसले. पूजेच्या दिवशी तर मी तिला दारात पट्ट्यानेच धरून उभी होते, कारण प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे पथ्याला चालत नाहीत एवढंच नाही, बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. हे सांगितलं की लोक हसतात. मी पुन्हा सांगते.

पंजे चाटणं हळूहळू थांबलं. पुढे मॅडमनी मुद्दाम जुनं चिकनचं खाणं द्यायला लावलं, कारण असं करून पाहिल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. बरं झालेलं जनावर पुन्हा आजारी पाडायचं, या कल्पनेने नवरा वैतागला होता. आठवडा संपायच्या आत चपचप सुरू झाली, कानाची कड लाल झाली. चिकनच. मग गहू, दूध एकेक करून तपासले, ते निर्दोष सुटले. पोळी परत मिळाली याचा आनंद केशरपेक्षा सासूबाईंना जास्त झाला.

या सगळ्यात तिचं वजनही उतरलं. इंग्लिश कॉकर साधारण 13 ते 14.5 किलोचा असावा असं जातीचं प्रमाण सांगतं. केशर त्याच्या बरीच पुढे गेली होती आणि आम्ही ते केसांच्या नावावर खपवत होतो. मुळात ही जात इंग्लंडात झुडपांत दडणारा वुडकॉक पक्षी उठवायला वाढवली गेली. नाक जमिनीला लावून तासन्‌तास काटेरी झाडीत फिरणारा हा कुत्रा. क्रफ्ट्स या इंग्लंडातल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट कुत्र्याचा मान कॉकरने सात वेळा मिळवलाय, इतर कुठल्याही जातीपेक्षा जास्त. त्यामुळे लोकांना तो मिरवायचा कुत्रा वाटतो. पण सोसायटीभोवती एक फेरी मारून त्याचं पोट भरत नाही. आता केशरचं निम्मं खाणं मी जुन्या टॉवेलच्या घड्यांत आणि कुंड्यांमागे लपवते. ते हुंगून शोधताना तिची शेपूट थांबत नाही, आणि नंतर ती गाढ झोपते. लांब फिरवून आणल्यावरही इतकी झोपत नाही.

केसांचं थोडक्यात: कानाच्या आतल्या बाजूचे आणि नळीच्या तोंडाभोवतीचे केस मशिनने बारीक ठेवतो, म्हणजे हवा लागते. काखेत आणि कानामागे गुंते होतात, तिथे स्टीलचा कंगवा रोज. उन्हाळ्यात ‘पूर्ण भादरून टाका’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पाठीचे केस मशिनने उतरवले की पुढे ते कापसासारखे मऊ येतात आणि दुप्पट गुंततात. जेवताना कान वाटीत बुडू नयेत म्हणून जुन्या मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी डोक्यावरून चढवतो. त्यात ती अगदी डोक्याला स्कार्फ बांधलेल्या काकूंसारखी दिसते.

उजवी नळी किंचित अरुंद राहिली आहे, ती आता तशीच राहणार. आठवड्यातून एकदा सफाई, आंघोळीनंतर कान कोरडे, आणि मे संपता संपता एकदा काचेची पट्टी.

परवा आमच्याच मजल्यावरच्या एका कुटुंबाने कॉकरचं पिल्लू घ्यायचंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, पिल्लाच्या आईचे कान उचलून वास घ्या आणि पंजांचा रंग बघा. या जातीत आनुवंशिक अंधत्वाचा एक प्रकार आणि तरुणपणीच मूत्रपिंड निकामी करणारा एक आजार आहे. दोन्हींची डीएनए चाचणी होते, आईबापांचे अहवाल मागा. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या 2017 च्या नियमांनुसार ब्रीडरची, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्याची, नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तेही विचारा. त्यांनी सगळं लिहून घेतलं. तेही आमच्यासारखेच शाकाहारी, त्यामुळे वेळ आली तर गॅलरीत कुकर कोण लावणार यावर त्यांच्या घरी सध्या चर्चा चालू आहे.