एवढ्याशा पोरांना घेऊन पॉम्पेई कशाला?

दोन लहान मुलं आणि सासूबाईंना घेऊन आम्ही तुर्कस्तान-ग्रीस-इटलीची क्रूझ केली. तुम्ही त्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर प्रवासाबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रश्न नेहमी दोन हप्त्यांत येतो. सकाळी शाळेच्या बसची वाट बघताना पहिला: "क्रूझ वगैरे ठीक आहे हो, पण पोरांना घेऊन ते पडके खांब बघत हिंडलात कशा?" आणि दुसरा जरा आवाज खाली आणून: "एवढा खर्च करून मुलांच्या लक्षात तरी काय राहणार?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. थोरलीच्या लक्षात थोडंफार राहील, ती पहिलीत होती. धाकटा साडेतीन वर्षांचा, त्याच्या लक्षात काहीही राहणार नाही. पण त्याच्या लक्षात राहावं म्हणून आम्ही गेलोच नव्हतो. आम्हाला जायचं होतं. मला आणि सासूबाईंना तर फारच. घरात दोन लहान मुलं होती, तीही आली. मुलं मोठी होईपर्यंत आम्ही थांबलो असतो, आईंचे गुडघे थांबले नसते. हे एवढं स्वतःशी कबूल केलं की पुढचं बरंच सोपं जातं. मुलाने अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाकडे बघून भारावून जावं अशी अपेक्षा ठेवली नाही तर तो कबुतरांच्या मागे धावला म्हणून आपण त्याच्यावर ओरडत नाही.

आता हिंडायचं कसं ते. ठाण्यात राहण्याचा फायदा असा की सराव दारातच करता येतो. जायच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही मुलांना अंबरनाथच्या शिवमंदिरात नेलं. लोकलने गेलो, सकाळी लवकर. शिलाहारांच्या काळातलं मंदिर, शिलालेखातलं साल येतं इसवी सन १०६०. मला बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम दाखवायचं होतं. मुलांना आवडलं ते गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, हे. देवाकडे जायला खाली उतरायचं, यातच त्यांचा अर्धा तास गेला. नंतर कान्हेरी. तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि जागोजागी खडकात खोदलेली पाण्याची टाकी, त्यांच्याकडे पाणी नेणारे पाट. थोरलीने पहिल्याच टाक्यापाशी विचारलं, "हे लोक अंघोळ कुठे करायचे?" मग जेवायचे कुठे, मग अर्थातच शी कुठे करायचे. चैत्यगृहातले भव्य खांब तिने वळूनही बघितले नाहीत.

तिथेच आमचं धोरण ठरलं. लहान मुलांना जुनेपणा दिसत नाही. दोनशे वर्षं आणि दोन हजार वर्षं त्यांच्या लेखी सारखीच, दोन्ही "आजीच्या आजीच्या वेळचं". त्यांना दिसतो तो वापर. म्हणून देव राहत होते त्या जागांपेक्षा माणसं राहत होती त्या जागा निवडायच्या, आणि प्रत्येक ठिकाणी तेच तीन प्रश्न घेऊन शिरायचं: पाणी, जेवण, शी. हसू नका. या तीन प्रश्नांवर एफेसस अख्खं पार पडतं.

एफेसस म्हणजे तुर्कस्तानातलं प्राचीन शहर, आता अवशेष उरलेत. जहाज कुशादासीला लागतं, तिथून वीसेक किलोमीटर. गाडीवाल्याला सांगायचं की वरच्या दरवाजाशी सोड आणि खालच्या दरवाजाशी येऊन थांब, म्हणजे सगळा रस्ता उताराचा होतो. आईंच्या गुडघ्यांसाठी ही माहिती सोन्याची होती. खाली येताना सार्वजनिक शौचालय लागतं: भिंतीला लागून संगमरवरी बाक, त्यात ओळीने भोकं, खालून वाहत्या पाण्याचा पाट. "मध्ये पडदे नव्हते?" नव्हते. "मग एकमेकांशी बोलायचे?" बोलायचे. या एका जागेवर मुलांनी जितका वेळ विचार केला तितका सेल्ससच्या ग्रंथालयावर केला नाही. खरं तर ग्रंथालयाचा तो दुमजली दर्शनी भाग म्हणजे एफेससच्या प्रत्येक फोटोतली जागा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, कोसळलेला, १९७० च्या दशकात तुकडे जुळवून पुन्हा उभा केलेला. थोरलीला त्यातलं "तुकडे जुळवून" तेवढं पटलं. धाकटा मांजरांत रमला. एफेससमध्ये मांजरं भरपूर आहेत, खांबांवर झोपलेली असतात. मांजराच्या निमित्ताने त्याने कितीतरी खांब पाहिले.

मला स्वतःला सगळ्यात भिडलं ते नाट्यगृहापासून निघणारा बंदराचा रस्ता. पंचवीस हजार माणसं मावतील एवढं ते नाट्यगृह, त्याच्यासमोरून रुंद, सरळ रस्ता निघतो आणि जातो कुठे, तर शेतांत. नदीने गाळ आणून आणून बंदर बुजवलं आणि समुद्र काही किलोमीटर मागे गेला. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. नालासोपाऱ्याचं शूर्पारक कधीकाळी असंच मोठं बंदर होतं. तिथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. आज तिथे उभं राहून जहाजाची कल्पना करून दाखवा.

पॉम्पेई मात्र मुलांसाठी सगळ्यांत उत्तम, हे माझं ठाम मत. इसवी सन ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं शहर, म्हणजे चालू संसार जागच्या जागी थांबलेला. रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. धाकट्याने खिशातली खेळण्यातली गाडी काढून त्यात चालवली आणि पुढचा तासभर तो कोणाचा नव्हता. रस्ता ओलांडायला मधोमध उंच दगड बसवलेत, कारण रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची. दगडांच्या मधल्या फटींतून गाडीची चाकं निघून जायची. थोरली म्हणाली, "वंदनाजवळ असे बसवायला पाहिजेत." पावसाळ्यात ठाण्यातल्या वंदनाच्या बस स्टॉपजवळ ज्यांनी चपला हातात घेतल्यात, त्यांना यावर काही बोलावं लागणार नाही. रस्त्याच्या कडेला शिशाचे नळ अजून दिसतात, म्हणजे पहिला प्रश्न सुटला. जेवणासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर ओट्यात मोठाले रांजण बसवलेली दुकानं आहेत, गरम खाणं विकणारी. "इथे वडे मिळायचे?" वडे नाही, पण बेत तोच, उभ्याने खायचं आणि निघायचं.

आणि बेकरी. तिथे काळ्या ज्वालामुखी दगडाची माणसाएवढी उंच जाती आहेत, गाढवं जुंपून फिरवायची. आई त्यांच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. वरची तळी कशी फिरत असेल, पीठ कुठून पडत असेल, हे त्यांनी नातीला हाताने करून दाखवलं. त्यांनी लहानपणी जात्यावर दळलंय. आमच्यापुढे एक गाइड मोठ्या घोळक्याला तेच इंग्रजीत सांगत होता, पण आईंची आवृत्ती सरस होती.

पॉम्पेईत आणखी एक गोष्ट विचारली जाते: ते मेलेल्या माणसांचे साचे मुलांना दाखवलेत का? राखेत माणसं दडपली गेली, शरीरं नाहीशी झाली आणि पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये तिथल्या उत्खननाचा प्रमुख फियोरेल्ली याने त्यांत प्लास्टर ओतून त्यांचे आकार मिळवले. थोरलीला आम्ही आधी घरी सांगितलं होतं, तिने बघितले, आणि दोन दिवसांनी जेवताना विचारलं की ते पळाले का नाहीत. धाकट्याला तिकडे नेलं नाही. हे प्रत्येकाने आपलं पोर बघून ठरवावं.

आईंचं माहेर जालना जिल्ह्यातलं, म्हणून त्यांना पॉम्पेईची एक गोष्ट मी राखून ठेवली होती. १९३८ मध्ये तिथे एका घरात हस्तिदंताची छोटीशी स्त्रीमूर्ती सापडली, वीतभर उंचीची, सरळसरळ भारतीय घडणीची. अंगभर दागिने, शेजारी दोन सेविका. ज्वालामुखीच्या आधी ती तिथे पोचली होती, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचा काळ. तशाच घडणीचं हस्तिदंती काम धाराशिवजवळच्या तेरला आणि जालन्यातल्या भोकरदनला उत्खननात मिळालंय, त्यामुळे ती मूर्ती आपल्याच भागातून गेली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. उलट दिशेनेही माल यायचा. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. वाटेतलं बंदर म्हणजे आपलं कल्याण. एका ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' नावाच्या जुन्या टिपणांत कल्याण आणि सोपारा दोन्ही नावं आहेत, आणि कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. रात्री जहाजावर जेवताना हे सगळं सांगितलं तर आई म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडची कोणीतरी आधीच येऊन गेलीय." मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आमचा दिवस पॉम्पेईतच संपला, त्यामुळे ती राहिली. आईंना याचा अजून राग आहे.

अथेन्सबद्दल सगळ्यांचं मत माझ्याविरुद्ध असेल, पण चार वर्षांच्या आतल्या मुलाला अॅक्रोपोलिसवर, म्हणजे पार्थेनॉनच्या टेकडीवर, नेऊ नका. सावली नाही, चढ आहे, पायाखालचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालाय, आणि बाबागाडी वर नेता येत नाही. २०२३ च्या जुलैत उष्णतेच्या लाटेत दुपारचे काही तास तो बंदच ठेवावा लागला होता. आम्ही वाटण्या केल्या. थोरली आणि मी आठच्या वेळेचं तिकीट काढून वर, बाकीचे थोड्या वेळाने खाली संग्रहालयात. २००९ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय जुन्या वस्तीच्या अवशेषांवर उभं आहे आणि जमीन ठिकठिकाणी काचेची आहे. काचेवर पालथं पडून खालची घरं बघायला मिळाल्यावर धाकट्याने काहीही मागितलं नाही. वर थोरलीचा एकच प्रश्न होता: "हे कोणी मोडलं?" त्याला चांगलं उत्तर आहे. दोन हजारांहून जास्त वर्षं पार्थेनॉनची इमारत बरीचशी धड होती. तुर्कांनी आत दारूगोळा साठवला आणि १६८७ मध्ये व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा नेमका त्यावर पडला. यानंतर तिने खांब लक्ष देऊन बघितले, कुठला कुठे उडाला असेल त्याचा अंदाज घेत.

ग्रीसमधलं ऑलिंपिया, जिथे प्राचीन ऑलिंपिक शर्यती व्हायच्या, थोडक्यात: पळायला मिळतं. सुमारे १९२ मीटरची धाव, सुरुवातीच्या रेषेचे दगड अजून जागेवर. झ्यूसच्या देवळाचे खांब भूकंपात पडलेत, त्यांचे गोल तुकडे काकडीच्या चकत्यांसारखे ओळीने आडवे. त्यापलीकडे काही समजावायला गेले नाही.

क्रूझच का, हेही लोक विचारतात. लहान मुलांसाठी तिचा एकच मोठा गुण आहे: रोज नवा देश आणि रोज तोच पलंग. बॅगा एकदा उघडायच्या, न्हाणीघर ओळखीचं, वरणभात नसला तरी भात आणि दही रोज. दोष घड्याळाचा. जहाज सकाळी सातआठला लागतं, संध्याकाळी सुटतं, आणि सुटायच्या बरंच आधी सगळे परत लागतात. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, तुमची टॅक्सी अडकली तर थांबत नाही. पण त्या बसमधल्या चाळीस जणांच्या गाइडला तुमच्या मुलाच्या शूशी देणंघेणं नसतं. म्हणून आम्ही जवळच्या ठिकाणी स्वतःची गाडी केली, लांबच्या ठिकाणी जहाजाची बस. रोम असंच लांबचं, त्याचं बंदर चिवितावेक्किया शहरापासून सत्तरएक किलोमीटर. दिवसाला एक जागा, आणि जवळच्या ठिकाणाहून जमेल तेव्हा दुपारी दीडच्या आत जहाजावर परत. मुलं झोपली की मोठ्यांपैकी एकाने पुन्हा उतरावं. माझ्या वाटणीच्या दुपारी मी कुशादासीला चहा पीत बसले, एकही खांब बघितला नाही.

उरलेलं पटकन. ग्रीस-इटलीसोबत तुर्कस्तान असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा लागतो, कारण मध्ये तुम्ही बाहेर जाऊन परत येता. तुर्कस्तानचं वेगळं बघावं लागतं. इटलीत सरकारी स्थळांवर अठराच्या आतल्यांना तिकीट नाही, पण पासपोर्ट जवळ ठेवा. पॉम्पेईत चाकाच्या खुर्चीला आणि बाबागाडीला जमेल असा वेगळा मार्ग आहे, तो अॅम्फिथिएटरकडच्या दरवाजातून सुरू होतो. जहाजावरून फळं खाली नेऊ देत नाहीत, बंद पाकिटातला चिवडा चालला. आणि मूल अजून नॅपीत असेल तर बहुतेक जहाजांवर पोहण्याच्या तलावात उतरवू देत नाहीत, मुलांच्या क्लबमध्येही साधारण तीन वर्षांनंतरच घेतात. हे बुकिंगआधी विचारून घ्या. अंबरनाथला मात्र नॅपीतलं पोरही चालतं. सकाळी लवकर जा, नऊनंतर दगड तापतो.