आमची वाटचाल : आम्ही बोअर मारत नाही, तपासतो

बेळगावात आमच्या फर्मचं नाव निघालं की लोक विचारतात, "पॉइंट काढून देता काय?" देतो, म्हणजे बोअर कुठं मारायचं ती जागा दाखवतो. पण आमचं खरं काम पाणी लागल्यावर सुरू होतं.

सुरुवातीला जवळ एक जुनं रेझिस्टिव्हिटी मीटर (जमिनीत वीज सोडून खालच्या पाण्याचा अंदाज घेणारं), चार सळ्या, वायरची रिळं आणि बझरवाला टेप. टेप अजून चालतो. बोअरच्या केसिंगमधून, म्हणजे तोंडाच्या पाइपातून सोडायचा, पाण्याला टेकला की 'पीं' करतो. पंप चालू असताना पातळी किती उतरते, बंद केल्यावर किती वेळात वर येते, हे वहीत मांडलं की बोअरची कुवत कळते. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्यानं सांगितलेलं "अडीच इंची" पाणी मे महिन्यात मोजा! खानापूरकडं पाऊस धो धो, पण कातळात साठा भेगांपुरताच.

मग त्या पाणाड्याचं प्रकरण झालं. नाव घेत नाही, तालुक्याला ठाऊक आहे. तळहातावर नारळ ठेवून पॉइंट दाखवायचा आणि गाडीवाल्याकडून फुटामागं कमिशन घ्यायचा. एका गावात आम्ही वरच्या अंगाला पॉइंट दिला होता. पाणी बेताचं, पण पुरलं असतं. यानं उकिरड्याला लागून मारायला लावलं. पाणी धबाधबा लागलं, गुलाल उडाला. खिशातलं टीडीएस मीटर बुडवून गडी म्हणाला, "चारशे! अमृत हाय." अहो, ते मीटर विरघळलेल्या क्षारांची गोळाबेरीज सांगतं. त्यात उकिरड्यातून झिरपणारं नायट्रेट किती ते नाही, जंतू तर मुळीच नाहीत. आम्ही नमुना लॅबला दिला. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटला लिटरमागं 45 मिलिग्रॅमच्या वर सूटच नाही. इथं त्याच्या बरंच वर. मैल्याचे जंतू असले की काळी पडणारी एच-टू-एसची बाटली दुसऱ्या दिवशी शाईसारखी काळी. अहवाल कानडीत करून पंचायतीत दिला, मराठीत वाचून दाखवला. तर गावच्या पाण्याला नजर लावणारे आम्हीच! कामं बंद पडली, भाड्याची खोली सोडली, मीटर विकायला काढलं.

तेव्हा कंग्राळीकडचे एक तात्या घरी आले. "इकू नको रे, आधी माझं बोअर बघ," म्हणून ॲडव्हान्स टेकवला. दर एप्रिलला त्यांची पातळी आम्हीच मोजतो आणि ते मोटारशेडच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहितात. भिंत बघून ऊस की जोंधळा ते ठरतं. त्यांच्या भाऊबंदांची कामंही मग आमच्याकडं आली. पुढं फर्म चालली.

कोणी विचारलं नाही तरी सांगतो. नमुना टाकीतून भरू नका. पंप थोडा वेळ चालवून थेट बोअरचं पाणी घ्या, जंतूंसाठी लॅबचीच निर्जंतुक बाटली. केसिंग जमिनीवर फूटभर ठेवा, भोवती सिमेंटचा ओटा बांधा. नायट्रेटचं पाणी उकळून तान्ह्या बाळाला देऊ नका. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.

त्या गावानं शेवटी वरच्या अंगालाच बोअर मारलं. पॉइंट आमचा, फलकावर नाव गाडीवाल्याचं.